एक रुपयाचं तिकीट, एकोणीस जणांचं विमान आणि बंद पडलेल्या छोट्या कंपन्या

विमाननगरकर (धागाकर्ता)

रविवारी माळा आवरताना एका जुन्या फाइलमध्ये ए-फोरचा घडी घातलेला कागद सापडला. शाई निम्मी उडालेली, पण वाचता येत होतं: एअर डेक्कन, पुणे ते बंगळूर, नोव्हेंबर २००५, आई आणि बाबा अशी दोन नावं. आमच्या घरातलं पहिलं विमानाचं तिकीट. नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं. कर्वे रोडवरच्या एका सायबर कॅफेत बसून काढलं होतं आणि प्रिंटचे वेगळे पाच रुपये दिल्याचंही आठवतंय.

बाबा टेल्कोतून निवृत्त झालेले. कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "यावर शिक्का कुठाय? सही कुठाय? हे कोणीही छापेल." निघायच्या दिवशी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचं पुस्तकही पिशवीत टाकलं होतं, न जाणो विमानतळावरून परत पाठवलं तर.

खरी गंमत पुढे. तेव्हा या विमानात आसन क्रमांक नसायचे. जो आधी चढेल तो बसेल. आई नंतर सांगत होती, की बस विमानापाशी थांबली आणि एकसष्ट वर्षांचे बाबा स्वारगेटला एसटी लागल्यासारखे पळत सुटले. आत शिरून खिडकीच्या दोन जागा बघितल्या, एकीवर स्वतः बसले आणि दुसरीवर रुमाल टाकला. हवाई सुंदरी येऊन म्हणाली, "काका, रुमाल उचला, काकूंची जागा कोणी घेत नाही." बाबांनी काही रुमाल उचलला नाही. आई येऊन बसली तेव्हाच उचलला.

कागद बघता बघता वाटलं, हे सगळं गेलं कुठे? २००३ मध्ये सुरू झालेली कंपनी. कॅप्टन गोपीनाथ, सैन्यातून बाहेर पडून हसन जिल्ह्यात रेशमाचे किडे पाळणारा माणूस, मग हेलिकॉप्टरं भाड्याने देणारा, आणि मग "प्रत्येकाला एकदा तरी उडवीन" म्हणणारा. पाचेक वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यांत साठाहून जास्त गावांना यांची विमानं जात होती. आणि २००८ मध्ये नावसुद्धा उरलं नाही. परत २०१७ च्या डिसेंबरात तेच नाव घेऊन एकोणीस आसनांचं चिमुकलं विमान मुंबई-नाशिक-पुणे-जळगाव असं उडायला लागलं. तेही २०२० च्या एप्रिलमध्ये थांबलं.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. मी जेव्हा जेव्हा बघितली तेव्हा विमानं भरलेली असायची. मग बुडाली कशी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सदाशिवातली

रुमालावरून हसून हसून पुरेवाट. माझ्या सासऱ्यांनी तर विमानात उतरायच्या आधी "कंडक्टर, दार" म्हणून हाक मारायची बाकी ठेवली होती.

प्रश्न चांगला आहे. मी बसते बाजूला, शेंगदाणे घेऊन.

शंकेखोर

यात गूढ काय आहे? एक रुपयात तिकीट विकलं तर कोणीही बुडेल. चितळ्यांनी एक रुपयात बाकरवडी विकली तर तेही बुडतील.

गोदाकाठ

@शंकेखोर, चितळे दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवूनही बुडाले नाहीत, त्यामुळे ते उदाहरण नको. :)

मी नाशिकचा. २०१८ च्या सुरुवातीला ओझर-पुणे त्या एकोणीस जणांच्या विमानाने एकदा गेलोय. बीचक्राफ्ट १९०० डी. दोन्ही बाजूंना एकेकच आसन, मधून जायची चिंचोळी वाट. म्हणजे प्रत्येकाला खिडकीही आणि वाटही. वैमानिकांच्या पाठी दिसतात, पुढच्या काचेतून धावपट्टी दिसते. उडायच्या आधी पुढच्या दोन धडधाकट गृहस्थांना मागे जाऊन बसायला सांगितलं. वजनाचा तोल म्हणे. त्यातले एक जण जरा नाराज झाले, कारण त्यांच्या बायकोला पुढेच बसू दिलं.

सिन्नरच्या वरून गेलो, मग खाली संगमनेर, प्रवरेचं पात्र, आणि कुठे नारायणगावची द्राक्षं शोधतोय तोवर लोहगाव आलं. याच रस्त्याने गाडीने चाकणच्या कोंडीसकट साडेपाच तास घालवलेल्या माणसाला ते स्वप्नच वाटतं.

सदाशिवातली

आणि मग लोहगावहून कोथरूडला जायला किती वेळ लागला?

गोदाकाठ

उड्डाणापेक्षा जास्त.

निवृत्त हिशेबनीस

मी या धंद्यात नव्हतो, पण एका विमान कंपनीच्या हिशेब तपासणीत काही वर्षं काम केलंय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, एक रुपयाचं तिकीट हा जाहिरातीचा खर्च होता. विमानातल्या मोजक्या जागा त्या भावात जात. त्या संपल्या की पाचशे, मग हजार, मग दोन हजार, आणि आदल्या दिवशी जाणाऱ्याला पूर्ण दर. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात द्यायला जे पैसे लागतात त्यापेक्षा हे स्वस्त, कारण बातमी आपोआप होते. त्यामुळे शंकेखोर, एक रुपयामुळे ते बुडाले नाहीत.

शिवाय बचत बाकी सगळीकडे केलेली होती. जेवण नाही, पाणीसुद्धा विकत. कागदी तिकीट नाही. एजंटावर सगळी मदार नाही, नेटवर काढा, नाहीतर टपाल कार्यालयात किंवा पेट्रोल पंपावर घ्या. आसन क्रमांक नाहीत, कारण त्यामुळे माणसं पटापट चढतात आणि विमान जमिनीवर कमी वेळ उभं राहतं. तुमच्या बाबांनी रुमाल टाकून कंपनीचे पैसेच वाचवले.

बुडाले ते वेगाने वाढल्यामुळे. तीन-चार वर्षांत चाळिसाच्या घरात विमानं. तीही दोन जातींची: छोट्या गावांना पंख्याची एटीआर, मोठ्या मार्गांना एअरबस ३२०. दोन जाती म्हणजे दोन प्रकारचे वैमानिक, दोन प्रकारचे इंजिनिअर, सुट्या भागांची दोन गोदामं. एअरबसवाल्याला एटीआर चालवता येत नाही. त्यात इंधन महाग होत गेलं आणि समोर इंडिगो, स्पाइसजेट, गो एअर अशा एकाच वेळी उतरलेल्या कंपन्या. २००६ मध्ये डेक्कनचा शेअर विक्रीला आला तेव्हा बाजार पडलेला होता. मुदत वाढवावी लागली, भाव खाली आणून १४८ वर ठरवावा लागला. रोखीची नड तिथपासूनच सगळ्यांना दिसत होती.

मग २००७ मध्ये किंगफिशरचे विजय मल्ल्या आले.

शंकेखोर

मल्ल्यांनी तोट्यातली कंपनी का घेतली असेल पण? त्यांचं तर सगळं राजेशाही काम. एकीकडे रुमालवाले, एकीकडे मऊ टॉवेलवाले.

निवृत्त हिशेबनीस

हा प्रश्न बरोबर विचारलात. तेव्हा नियम होता, की देशात पाच वर्षं उड्डाणं झाल्याशिवाय आणि ताफ्यात वीस विमानं असल्याशिवाय परदेशी उडता येत नाही. किंगफिशर २००५ ची. तिची पाच वर्षं २०१० ला भरणार. डेक्कनची पाच वर्षं मात्र ऑगस्ट २००८ ला भरत होती. मे-जून २००७ मध्ये आधी २६ टक्के हिस्सा घेतला, शेअरला १५५ रुपये भाव देऊन, सुमारे ५५० कोटींना. पुढे वाढवत नेला. मग विलीनीकरण झालं आणि सप्टेंबर २००८ च्या पहिल्याच आठवड्यात किंगफिशरचं विमान बंगळूरहून लंडनला गेलं. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा.

मधल्या काळात डेक्कनचं आधी सिम्प्लिफ्लाय डेक्कन झालं, मग किंगफिशर रेड. तिकिटं महागली. ज्या माणसाने रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातून उठून विमानात बसायला सुरुवात केली होती तो परत रेल्वेत गेला. २०११ ला रेड बंद करायचं जाहीर केलं आणि २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरचा परवानाच निलंबित झाला.

विमाननगरकर

दंडवत हिशेबनीस! म्हणजे आमच्या डेक्कनला तिच्या वयासाठी घेतलं म्हणायचं. जुन्या काळी सातबाऱ्यासाठी लग्नं लागायची तसं.

अवांतर: त्या विमानांवर लक्ष्मणांचा कॉमन मॅन असायचा, आठवतोय? चौकड्याचा कोट, धोतर, टक्कल. सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा आहे. लक्ष्मण शेवटची वर्षं पुण्यातच होते, २०१५ च्या प्रजासत्ताक दिनी इथेच गेले. रेड आल्यावर तो धोतरवाला गेला आणि लाल पक्षी आला. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

रंकाळा

वाचतोय भावा. पण डेक्कन डेक्कन करताय ते जरा बाजूला ठेवा. आमच्या कोल्हापूरचं विमानतळ १९३९ चं, राजाराम महाराजांच्या काळातलं. आणि कितीतरी वर्षं तिथं एक विमान उतरत नव्हतं. उजळाईवाडीला शेरडं चरायची. २०१८ ला त्या छोट्या विमानानं मुंबई सुरू झाली तेव्हा अर्धं गाव बघायला गेलं होतं, मी पण गेलो होतो, खोटं कशाला बोलू. पुढं २०१९ ला ट्रूजेट आली.

आता घोडावत ग्रुपची स्टार एअर हाय. जानेवारी २०१९ ला बंगळूर-हुबळीनं सुरुवात केली, पन्नास सीटची एम्ब्रेयर जेट. ती टिकलीय. मग एक टिकती आणि दुसरी टिकत न्हाई, ह्यात फरक काय?

खान्देशी केळं

काय भो, जळगावला विसरले का सगळे?

राष्ट्रपती प्रतिभाताईंच्या काळात आमच्याकडे विमानतळ झालं. चकाचक. मग काही वर्षं तिथे फक्त शिकाऊ वैमानिक गोल गोल फिरत होते. डिसेंबर २०१७ ला पहिलं विमान सुटलं, पेढे वाटले. मग कधी होतं, कधी नव्हतं. मग २०१९ ला ट्रूजेट, ७२ आसनांची एटीआर. अहमदाबाद, मुंबई. मस्त चालली होती. मग कोरोना, मग २०२२ च्या फेब्रुवारीत तीही बंद. आता फ्लाय ९१. जळगावच्या माणसाला विमान कंपन्यांची नावं शाळेतल्या मास्तरांसारखी पाठ आहेत, कारण दर वर्षी बदली.

आणि विमानं भरलेली असतात हे खरं आहे. पुण्यात जळगावची पोरं किती आहेत मोजा. हिंजवडीत दगड मारला तर खान्देशी माणसाला लागतो. रस्त्याने रात्रभराचं काम. महाराष्ट्र एक्सप्रेस मिळाली तर मिळाली.

निवृत्त हिशेबनीस

रंकाळा, खान्देशी, दोघांच्या प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. उडान योजना.

२०१६ मध्ये योजना आली, एप्रिल २०१७ मध्ये पहिली उड्डाणं. त्याच दिवशी नांदेड-हैदराबादही सुटलं होतं, ट्रूजेटचं. कल्पना अशी: विमानातल्या साधारण निम्म्या जागा, कमीत कमी नऊ आणि जास्तीत जास्त चाळीस, ठरलेल्या कमाल दरात विकायच्या. तासाभराच्या अंतराला २५०० रुपये. त्यात जो तोटा येईल तो सरकार भरून देणार, तीन वर्षं. मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर आकार लावून तो पैसा उभा करायचा आणि राज्याने आपला २० टक्के वाटा घालायचा. शिवाय त्या मार्गावर तीन वर्षं दुसरा कोणी येणार नाही. छोट्या विमानतळावरच्या इंधनावर राज्याचा कर १ टक्का.

ऐकायला झकास. पण पहिल्या फेरीत १२८ मार्ग वाटले गेले, त्यातले ५० एअर ओडिशाला आणि ३४ या नव्या एअर डेक्कनला. म्हणजे ८४ मार्ग अशा दोन कंपन्यांना, ज्यांच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी एकोणीस आसनी विमानं. त्यातले बहुतेक मार्ग कागदावरच राहिले.

आता एकोणीस आसनांचं गणित बघा. वैमानिक दोनच लागतात, पण बहात्तर आसनांनाही दोनच लागतात. म्हणजे वैमानिकांचा खर्च एका जागेमागे जवळपास चौपट. एकोणीस आसनांपर्यंत हवाई सुंदरी सक्तीची नसते, एवढीच काय ती बचत. बीचक्राफ्टवाल्यांनी हे मॉडेल बनवणं २००२ मध्येच थांबवलंय. एखादा भाग गेला की परदेशातून मागवा, तोवर विमान उभं. आणि दोन-तीन विमानांपैकी एक उभं म्हणजे निम्मं वेळापत्रक रद्द. प्रवाशाला एकदा फसल्यासारखं वाटलं की तो परत शिवनेरीचं तिकीट काढतो.

विमाननगरकर

पण मग ट्रूजेटकडे तर एटीआर होत्या. मोठं विमान, मागे मेघा इंजिनिअरिंगसारखा बांधकामातला मोठा गट. ती का गेली?

टेलस्टँड

पहिल्यांदाच लिहितोय, बरेच दिवस वाचनमात्र होतो. माझ्या आयडीचा अर्थ आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

एटीआरमध्ये माणसं मागच्या दारातून चढतात, सामान पुढे. वीसेक माणसं एकदम मागच्या दारात गोळा झाली तर विमान शेपटीवर बसेल अशी भीती असते. म्हणून शेपटीखाली एक दांडा लावतात, तो टेलस्टँड. प्रवासी चढायच्या आधी लावायचा, निघायच्या आधी काढायचा. काढायला विसरलं तर काय होईल याचा विचार करून मला सुरुवातीला झोप लागायची नाही. तीन वर्षं तो दांडा मी लावला आणि काढला.

दुसरी गंमत. एटीआरला जमिनीवर वीज आणि एसी द्यायला वेगळं छोटं इंजिन नसतं. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून धरतात आणि आतलं इंजिन चालू ठेवतात. त्याला हॉटेल मोड म्हणतात. खाली उभं राहिलं की गरम वारा कानाजवळून जातो. पुण्याच्या मे महिन्यात त्यात आणखी भर.

ज्या कंपनीत होतो तिचं नाव घेत नाही, या धाग्यात अजून आलेलंही नाही. पण पहिली घंटा कधी वाजते ते सांगतो. पगार उशिरा होणं ही पहिली घंटा नाही. पहिली घंटा म्हणजे इंधनवाला. आधी बावझर, म्हणजे इंधनाचा टँकर, येऊन भरून जायचा आणि महिन्याअखेर बिल. एक दिवस तो म्हणाला, "आजपासून रोख." मग मॅनेजर साहेब फोनवर फोन करत उभे, पैसे जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत पाइप लागत नाही, आणि आत सत्तर माणसं बसलेली. पाऊण तास उशीर. प्रवासी म्हणतात विमानात बिघाड आहे. बिघाड कुठला, बँकेचा मेसेज यायचा होता.

मग एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावायला लागले. आज याचं चाक त्याला, उद्या त्याचा पंप याला. ज्या विमानाचे भाग काढले ते पार्किंगच्या जागी लाल झाकणं लावून उभं. आम्ही त्याला देवाचं विमान म्हणायचो, दानपेटीसारखं. त्याचं पार्किंगचं भाडं रोज चालूच.

शेवटी विमानमालकाची माणसं आली. तिघे जण, नीट इस्त्रीचे शर्ट, विमानाच्या वह्या घेऊन दिवसभर बसले होते. एकेक पान बघत. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. मी विचारलं, चहा आणू का. एक जण हो म्हणाला.

तीन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच. रिफ्लेक्टरचं जॅकेट घरी आहे, गणपतीत भाऊ मिरवणुकीत घालतो.

सदाशिवातली

शेंगदाणे बाजूला ठेवले. छान लिहिलंत हो. लिहीत राहा, वाचनमात्र नका राहू.

निवृत्त हिशेबनीस

टेलस्टँड यांनी दोन परिच्छेदांत सांगितलं ते आम्ही ताळेबंदात शोधत बसायचो.

लोकांना वाटतं विमान कंपनीची असते. जवळपास कोणाचंच विमान स्वतःचं नसतं. भाडं दर महिन्याला, डॉलरमध्ये. शिवाय उडालेल्या प्रत्येक तासामागे देखभालीसाठी वेगळी रक्कम मालकाकडे जमा करायची. तिकीट रुपयांत, खर्च डॉलरांत. रुपया घसरला की तिकीट न विकताच तोटा. बंगळूरची एअर पेगासस आठवते? २०१५ च्या एप्रिलला सुरू, तीन एटीआर, २०१६ च्या जुलैत बंद. मालकांनी विमानांची नोंदणीच रद्द करून घेतली.

इंधनाचं वेगळंच. विमानाचं इंधन जीएसटीत नाही. राज्य हवा तो कर लावतं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात २५ टक्के होता, २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ वर आणला. छोट्या विमानांना केंद्राने जुनी एक सवलत दिलेली आहे: चाळीस टनांच्या आतल्या विमानाच्या इंधनावर विक्रीकर कमी, आणि ८० पेक्षा कमी आसनं असतील तर उतरण्याचं शुल्क माफ. म्हणूनच आपल्याकडे छोट्या कंपनीने एटीआर घेतली नाही असं सहसा होत नाही.

रंकाळा, स्टार एअरबद्दल. माझं मत: एकाच गटाचा पैसा पाठीशी, वाढ हळूहळू, आणि बेळगाव-कोल्हापूर-हुबळी या पट्ट्यात पाय रोवले. एवढं पुरेसं आहे का ते काळ ठरवेल. ट्रूजेटच्या पाठीशीही मोठा गट होता, त्यामुळे नुसता गट पुरत नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत विमानं उभी होती आणि भाडं चालू होतं. पुढे नवा पैसा घालायला गटाचा हात आखडला. त्यांनी बुडवली असं मी म्हणणार नाही, त्यांनी हात काढून घेतला.

शंकेखोर

बरं, माझी शंका मागे घेतो, पण दुसरी काढतो. हे सगळं जाऊ द्या, मुंबईचं काय? जळगाव-मुंबई, कोल्हापूर-मुंबई, नाशिक-मुंबई, सगळ्यांना मुंबईच का हवी? पुण्याला का नाही आणत?

विमाननगरकर

याचं उत्तर मी देतो, रोज डोक्यावरून विमानं जातात म्हणून.

मुंबईला दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. तिथे सकाळची वेळ मिळणं म्हणजे दादरला सकाळी आठच्या फास्टमध्ये बसायला जागा मिळण्यासारखं. एकोणीस जणांचं विमान तेवढीच मिनिटं खातं जेवढी दोनशे जणांचं. विमानतळ चालवणाऱ्याने कोणाला द्यायची? मग छोट्याला दुपारची कुठली तरी अडनिडी वेळ, आणि जळगावचा व्यापारी दुपारी मुंबईत पोचून काय करणार?

पुण्याचं दुखणं वेगळं. लोहगाव हे हवाई दलाचं, १९३९ पासूनचं. धावपट्टी त्यांची, आपण भाडेकरू. त्यांचे सराव असले की आपण थांबायचं. २०२१ च्या ऑक्टोबरात धावपट्टीच्या कामासाठी दोन आठवडे पूर्ण बंद होतं, तेव्हा विमाननगरात एवढी शांतता होती की शेजारच्यांचं भांडण शब्दशः ऐकू आलं. नवं टर्मिनल २०२४ च्या जुलैत सुरू झालं, पण टर्मिनल वाढलं म्हणून धावपट्टी वाढत नाही. पुरंदरच्या नियोजित विमानतळाचं काय ते मी विचारणार नाही, धागा भरकटेल.

सदाशिवातली

पुरंदर म्हणालात ना? झालं. आता पाचशे प्रतिसाद.

गोदाकाठ

पुरंदर नको! वैमानिकांबद्दल राहिलंय. त्या ओझर-पुणे प्रवासात शेजारचे गृहस्थ याच क्षेत्रातले निघाले. ते म्हणाले, छोटी कंपनी म्हणजे मोठ्या कंपनीची बालवाडी. पोरगा कर्ज काढून परवाना घेतो, छोट्या विमानावर तास जमवतो, आणि तास भरले की मोठ्या कंपनीत उडी. तेव्हा नुकताच सरकारने नियम केला होता, कॅप्टनने नोकरी सोडायची तर वर्षभराची नोटीस आणि सहवैमानिकाला सहा महिने. यावर ते म्हणाले, "नोटिशीवर असलेला नवरा आणि नोटिशीवर असलेला वैमानिक, दोघांचाही उपयोग नाही."

निवृत्त हिशेबनीस

त्यात एक योगायोग बघा. नवी एअर डेक्कन डिसेंबर २०१७ ला सुरू झाली. त्याच महिन्यात, दोन-तीन दिवस आधी, इंडिगोने आपली पहिली एटीआर उडवली. तोवर छोट्या गावांकडे इंडिगोचं लक्ष नव्हतं. त्या दिवसापासून पंख्याचं विमान चालवणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला दुसरा, जास्त पगाराचा दरवाजा उघडला.

आणि आकडेच हवे असतील तर कॅगचा २०२३ चा अहवाल आहे. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. ४०३ सुरूच झाले नाहीत. ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४.

रंकाळा

५४! आमच्या पंचगंगेला पूर आल्यावर ह्यापेक्षा जास्त घरं उभी राहत्यात.

शंकेखोर

मग सरळ रेल्वेच नीट करा की. पुणे-नाशिक रेल्वेचं काय झालं?

सदाशिवातली

ओ शंकेखोर, एक पुरंदर पुरे झालं.

टेलस्टँड

एक सांगायचं राहिलं. विमाननगरकरांनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं, विमानं भरलेली असूनही कशी बुडाली. आमच्याकडे शेवटच्या महिन्यात सगळ्यात जास्त भरलेली जायची. कारण रोख पाहिजे म्हणून पुढच्या दोन महिन्यांची तिकिटं स्वस्तात विकायला काढली होती. लोक खूश. काउंटरवर रांग. मला आतून माहीत होतं, त्या तारखांना विमान असणार नाही. माझ्या मावशीने फोन करून विचारलं, काढू का तिकीट? मी म्हणालो, मावशी, रेल्वेचं काढ. तेवढंच करू शकलो. रांगेतल्या बाकीच्यांना काही सांगितलं नाही.

विमाननगरकर

@टेलस्टँड, दुपारपासून चारदा वाचलं. काय लिहावं कळेना.

आज संध्याकाळी बाबांना फोनवरून सगळा धागा वाचून दाखवला. आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. किंगफिशरने डेक्कन का घेतली ते ऐकून म्हणाले, "मला तेव्हाच माहीत होतं, त्या कागदावर शिक्का नव्हता." मग बऱ्याच वेळाने विचारलं, "तो मुलगा, दांडा लावणारा, त्याला दुसरी नोकरी मिळाली का?"

टेलस्टँड

काकांना नमस्कार सांगा. मिळाली. चाकणला गोदामात आहे, फोर्कलिफ्ट. विमान बघायला लोहगावच्या भिंतीपाशी अधूनमधून जातो, एटीआर आवाजावरून ओळखू येते.

खान्देशी केळं

विमाननगरकर भो, या सगळ्यावरून धडा घेऊन मी काय केलं सांगू? जळगाव-पुणे विमानाचं तिकीट काढलं. शुक्रवारचं. आणि सेफ्टीला महाराष्ट्र एक्सप्रेसचं वेटिंगही काढून ठेवलं. भरताची वांगी आणतोय, कळण्याचं पीठ पण. घ्यायला येशील ना?

विमाननगरकर

येतो. पण आत नाही, ५०९ चौकात उभा राहीन. पार्किंगला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात पूर्वी बंगळूरला जाता यायचं. वांगी किती किलो?